पट्ट्यावरचा बिल्ला

वेल्टरबर्ग, टेक्सस
१४ जानेवारी १९९७

ती. व्हर्लीन आत्यास,
लायलचा सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी पावणेबाराला माझी एकोणपन्नासावी गोळी कागदी पुतळ्याच्या छातीत बसली आणि मागून कोणीतरी टाळी वाजवली. त्या टाळीने माझं आयुष्य बदललं. हसू नकोस, आत्या. टाळीच्या अलीकडचा लायल आणि पलीकडचा लायल असे आता दोन झालेत. पन्नासावी गोळी कुठे गेली देव जाणे. पुतळ्याला तर लागली नाही.

टाळी वाजवणारीचं नाव नेलिदा. पिस्तूल लपवून बाळगायच्या परवान्याचा वर्ग होता. तिचे वडील माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते आणि ती त्यांचं जेवण घेऊन आली होती. मला म्हणते कशी, की एकोणपन्नास माणसांसाठी आणि शेवटची चंद्रासाठी राखून ठेवली होतीस का? मला उत्तर सुचलं नाही. काल दुकानात खाद्याची पोती उचलताना सुचलं, पण ते आता पोत्यांना सांगून काय उपयोग?

वडील म्हणजे एफ्राइन कांतू, मेक्सिकन वंशाचे, हायवेवरच्या टायरच्या दुकानाचे मालक. सगळे त्यांना मानाने डॉन एफ्राइन म्हणतात. बाबा वीस वर्षं त्यांच्याकडून टायर घेतात, पण त्यांना मुलगी आहे हे मला कुणी सांगितलं नाही. आपल्या घरात महत्त्वाचं ते कुणी सांगतच नाही.

वर्गात एका गोष्टीवरून चांगलीच जुंपली. मासिकात परवानाधारकांसाठी बिल्ल्यांची जाहिरात येते, पोलिसांच्या असतात तसेच, चांदीच्या रंगाचे, वर गरुड. एक जण म्हणाला, की पोलिसाला लांबूनच कळेल हा आपल्यातला म्हणून. दुसरा म्हणाला, की उद्या बाजारात कुणी किंचाळलं तर सगळे तुझ्या तोंडाकडे बघतील, मग जाशील का पुढे? शिकवणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले, की कायद्याने परवान्याचं कार्ड दिलंय तर कार्ड ठेवा. हात दिसू द्या, तोंडाने सांगा, मागितलं की कार्ड द्या. बस्स. तेव्हा डॉन एफ्राइननी हळूच विचारलं, की साहेब, मी इथलाच, माझा बाप इथलाच, तरी माझ्याच दुकानाच्या दारात मला पोलिसांनी दोनदा विचारलंय की तू इथे काय करतोस. कार्ड खिशातून निघेपर्यंत समोरचा थांबेल ना? शिकवणाऱ्यांनी फळ्याकडे वळून खडू हातात घेतला.

मला ते लागलं. तर आता तू सांग. रॉस्को काकांनी एवढी वर्षं पोलिसाचा बिल्ला लावला, तू त्यांची बायको, तुला माहीत असणार. बिल्ला असावा की नसावा? जाहिरातीत एकावर एक मोफत आहे. फोन करत नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि बाबांचे कानही तिथेच असतात. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी हवामानाशिवाय काही बोलत नाहीत, आणि हवामानही वाईटच असतं.

गुडघ्याला जप. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा भाचा,
लायल

*

डोबी वेल्स, टेक्सस
२५ जानेवारी १९९७

चि. लायल यास,
व्हर्लीन आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. तीनदा हसले, चौथ्यांदा चष्मा काढून ठेवला.

आधी मुलीचं. अरे घोड्या, टायरच्या दुकानातल्या मुलीला भेटायला पिस्तूल कशाला लागतं? पंक्चर टायर घेऊन जा. ती हात काळे करून काम करत असेल तर तुझेही काळे होऊ देत. बापाला आधी नमस्कार कर, मुलीकडे मग बघ. आणि तिसऱ्या वर्षातून उठून गुरांच्या खाद्याची पोती उचलतोस हे तिला फुशारकीने सांगू नकोस. ऑगस्टमध्ये कॉलेज परत घेतं म्हणतात. तुझा बाप बोलत नाही, पण गेल्या रविवारी मला फोनवर तीनदा विचारलं की लायलने तुला काही लिहिलं का. मी हवामान सांगितलं.

आता बिल्ल्याचं. घेऊ नकोस. तू विचारलंस म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. शिकवणारे म्हातारेबुवा बरोबर आहेत. कार्ड ठेव, हात दिसू देत. बिल्ला लावून कुणी पोलीस होत नाही, आणि खरं सांगायचं तर पोलिसाला तरी त्याचा

असो. कारण विचारू नकोस. रॉस्कोचा बिल्ला माझ्या शिवणाच्या खणात सुयांच्या डबीखाली आहे आणि तिथेच बरा आहे.

केनेथने नोव्हेंबरात नेहमीसारखं पेकानचं पोतं आणून दिलं. त्यातले काही फोडून, गर सोलून सोबत पाठवते. त्या मुलीलाही दे, तुझ्या नावाने दे, माझ्या नको.

आठवण येईल तेव्हा नाही, रोज एकदा मुद्दाम काढत जा.

तुझी आत्या,
व्हर्लीन

*

वेल्टरबर्ग
२१ एप्रिल १९९७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. पण मी आधी रागावलो होतो, तुझा नंबर दुसरा. कारण न देता हुकूम सोडायचा ही बाबांची पद्धत. तू ती कधी उचललीस? अर्धं वाक्य लिहून 'असो' म्हणतेस! तर ऐक. बिल्ले मागवले. दोन्ही आले. परवानाही आलाय, कार्डावरचा फोटो असा की मीच मला अटक करावी.

तुझा टायरचा सल्ला मात्र पाळला. चौथ्यांदा पंक्चर घेऊन गेलो तेव्हा नेलिदाने टायर टाकीत बुडवला, बुडबुड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, की वेल्टरबर्गमधले सगळे खिळे तुझ्याच चाकाखाली कसे येतात? मग खिळा पकडीने उपटून उजेडात धरला आणि म्हणाली, की हा निळ्या डोक्याचा खिळा तर तुमच्या खाद्याच्या दुकानाशिवाय गावात कुठेच मिळत नाही. मी म्हटलं, असेल बुवा. आत्या, मीच हातोडीने ठोकला होता. तिला कळलं, आणि मला कळलं की तिला कळलं, आणि ती गाणं गुणगुणत टायर बसवायला लागली. पाचव्या वेळी टायर न्यावा लागला नाही.

डॉन एफ्राइनच्या वाढदिवसाला मी त्यांना दुसरा बिल्ला दिला. त्यांनी आधी हात धुतले, नखातलं काळं ब्रशने काढलं, मग हातात घेतला. माझे केस पिवळे म्हणून ते मला त्यांच्या भाषेत 'गुएरो' म्हणतात. म्हणाले, की गुएरो, माझा बाप युद्धावरून आला तेव्हा त्याला हॉटेलच्या मागच्या दाराने जेवण वाढलं. पदक होतं त्याच्याकडे. पण ते पेटीत होतं, आणि पेटी कोण बघतं? नेलिदा बापाला म्हणाली, की आपा, त्या हॉटेलवाल्याने पदकही बघितलं नसतं. ते म्हणाले, तू गप्प बस आणि केक काप.

पिस्तूल झाकलेलं असावं असा कायदा, म्हणजे बिल्लाही झाकला जाणार. म्हणून मी डोकं चालवलं. बिल्ला उजव्या कमरेवर, पट्ट्यात, पिस्तुलाच्या होल्स्टरच्या अगदी पुढे. शर्टाचा काठ उजव्या हाताने झटकन वर केला की पिस्तुलाच्या आधी बिल्ला चमकलाच पाहिजे. दुकान बंद करताना आम्ही दोघं आरशासमोर उभे राहून रोज वीस-वीस वेळा सराव करतो. आधी त्यांचा शर्ट बकलात अडकायचा, आता अशी सफाई आलीय की बघत राहावं. नेलिदा टायरांच्या चळतीवर बसून मोजते. म्हणते, की गावात शेरीफ दोन आणि चोर एकही नाही, तुमचं कसं व्हायचं?

शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये ती माझ्याबरोबर तीन पोल्का नाचली. पिस्तूल गाडीत होतं, बिल्ला मात्र पट्ट्याला. तिचा हात त्याला लागला. म्हणाली, की हे लोखंडी बिस्किट काढून ठेवशील तर चौथाही नाचेन. मी हट्टाने काढलं नाही. ती हसत जाऊन बापाशेजारी बसली. आत्या, ती माझ्यावर रागावली तरी मला तीन दिवस पुरतं.

आता सांग, कुणाचं काय बिघडलं? एका भल्या माणसाची मान चार बोटं वर झाली. कारण असेल तर लिही, नाहीतर आशीर्वाद दे. दोन्ही नसेल तर निदान पेकान पाठव; तिच्या बापाने सगळे खाल्ले.

रागातही लोभ सुटत नाही, हे तुझ्याकडूनच शिकलेला,
लायल

*

डोबी वेल्स
२ मे १९९७

चि. लायल यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून चार कागद फाडले. हा पाचवा सोमवारी घेतला आणि आज शुक्रवार आहे. कारण मागितलंस. देते.

आम्ही तुला सांगितलं होतं की रॉस्को काका चोराचा पाठलाग करताना गाडी उलटून गेले. तू अकरा वर्षांचा होतास, तुला काकांसारखं व्हायचं होतं, म्हणून ते बरं वाटलं. मग तू पंधराचा झालास, वीसचा झालास आणि खोटं तसंच राहून गेलं. तुझ्या बापाकडून वचन मी घेतलं होतं. त्याला दोष देऊ नकोस.

तो सुट्टीचा दिवस होता. रॉस्को घरच्या कपड्यांत टोमॅटोची रोपं आणायला गेला. दुकानाबाहेर दोघांची मारामारी चालली होती. त्याने ती सोडवली आणि एकाला जमिनीवर दाबून धरलं. कुणीतरी पोलिसांना बोलावलं होतं. शेजारच्या गावचा नवा पोलीस आला, त्याला दिसलं काय, तर एक माणूस खाली, दुसरा त्याच्यावर, आणि वरच्याच्या कमरेला पिस्तूल. तो ओरडला. रॉस्को उठून उभा राहिला. हसला, लोक म्हणतात. आणि बिल्ला दाखवायला त्याने जाकिटाचा काठ मागे सारला.

लायल, तो खरा बिल्ला होता. एकवीस वर्षं रोज सकाळी तो माझ्या हातरुमालाने पुसून लावायचा. ऊन होतं, चमकलाही असेल. गोळी झाडणाऱ्या त्या पोलिसाने नंतर मला सांगितलं, की बाई, मी बिल्ला बघितलाच नाही, मी हात बघितला. तो पोलीस म्हणजे केनेथ. दर नोव्हेंबरात पेकान घेऊन येतो, पोर्चच्या पायरीवर बसतो. आत ये म्हटलं तर येत नाही. मीही फार आग्रह करत नाही.

कापड बाजूला करणं आणि पिस्तूल काढणं, दोन्हींची सुरुवात एकच. समोरचा शेवट बघायला थांबत नाही. तुम्ही आरशासमोर रोज वीस वेळा ती सुरुवात घोटताय.

हे पत्र हातात पडताच उठ आणि डॉन एफ्राइनच्या पट्ट्यावरून तो बिल्ला काढ. त्यांना राग आला तर माझं नाव सांग, मी येऊन त्यांचे पाय धरीन. तुझाही काढ. फोन उचलला होता, पण तुझा बाप बोलला आणि मी गुडघ्याचं औषध विचारून ठेवून दिला. हे तोंडाने सांगायला मला अजून जमत नाही. उद्या सकाळी पहिल्या टपालात टाकते.

एवढं ऐक, मग आयुष्यभर माझं काही ऐकू नकोस.

आत्या

*

वेल्टरबर्ग
९ मे १९९७

आत्यास,

तुझं पत्र मंगळवारी आलं. डॉन एफ्राइन रविवारी गेले.

रविवारी अकराला मी त्यांच्या चर्चबाहेर उभा होतो, नेलिदाला दुरून बघायला. ते बाहेर आले. पांढरा सैल शर्ट, बाहेर सोडलेला. मला बघून त्यांनी उजव्या कमरेवर दोनदा थापटलं आणि डोळा मारला. नेलिदा म्हणाली, की बघ, तुझे शेरीफसाहेब देवालाही दाखवून आले. मग दोघं रविवारचं बार्बाकोआचं मांस घ्यायला गेली, आणि तिथून दुकानात, कारण ते चष्मा गल्ल्यावर विसरले होते.

दुकानाशेजारच्या पेट्रोल पंपावर अर्ध्या तासापूर्वी लूट झाली होती. त्यांना माहीत नव्हतं. ते चष्मा घेऊन मागच्या दाराने अंगणात आले. कोपऱ्यावरून शेरीफचा एक डेप्युटी आला, चोवीस वर्षांचा, नोकरीला सहा महिने झालेला. पिस्तूल रोखून ओरडला, की हलू नकोस. नेलिदा गाडीत बसली होती, मांडीवर मांसाचं गरम पुडकं. तिने सगळं बघितलं. म्हणते, की आपा घाबरलेच नाहीत. हसले. म्हणाले, की शांत हो पोरा, मी तुमच्यातलाच आहे. आणि उजव्या हाताने शर्टाचा काठ झटकन वर केला.

सफाईने, आत्या. शर्ट कुठेही अडकला नाही.

दोन गोळ्या. एक बिल्ल्याच्या वर चार बोटं.

वर्गात त्यांना पैकीच्या पैकी मार्क होते. हात दिसू द्या, तोंडाने सांगा. बिल्ला नसता तर त्यांनी हात वर केले असते. पोलीस समोर आला की हात वर करायचे हे त्यांना लहानपणापासून येत होतं. ते मी विसरायला लावलं. त्यांच्या आयुष्यात तो एकच रविवार असा होता की त्यांना वाटलं हात वर करायची गरज नाही.

आणि तू! दोन मिनिटांचा फोन, आत्या. बाबांनी उचलला म्हणून ठेवलास? गुडघ्याचं औषध? अकरा वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला गाडी उलटल्याची गोष्ट सांगितलीत आणि मी काकांसारखा बिल्ला लावून फिरलो. शुक्रवारी तू बोलली असतीस तर शनिवारी मी तो बिल्ला तळ्यात फेकला असता. हे मी रागाने लिहितोय आणि उद्या खोडणार नाही.

मातीला गेलो होतो. मागे उभा राहिलो. नेलिदाने बघितलं नाही.

लायल

*

वेल्टरबर्ग
२१ मे १९९७

लायल,

दुकानाच्या दाराखालून तू सरकवलेली चारही पत्रं मिळाली. माफी मागणं आता बंद कर. तू बिल्ला दिलास, मी टायरांवर बसून मोजत हसले. दोष वाटून घेऊ.

ते म्हणतात की आपांनी पिस्तूलच काढायला हात घातला. पेपरात तसंच आलंय. आपा चाळीस वर्षं या गावाचे टायर बदलत होते आणि आता लोक दुकानासमोर गाडी हळू करून बघतात, जसा काही इथे दरोडेखोर राहत होता. गोळी ज्याने झाडली त्याला शिक्षा होईल असं मला वाटत नाही, मी वेडी नाही. मला एवढंच हवंय की खटला चालवायचा की नाही ते ठरवणाऱ्या त्या बारा जणांच्या ग्रँड ज्युरीने एक कागद असा लिहावा, की एफ्राइन कांतूने काही केलं नव्हतं.

तुला साक्षीला बोलावणार आहेत. माझं कोण ऐकणार, मी त्यांचीच मुलगी. तू होप्पे घराण्यातला आहेस, तुझ्या आजोबांचं नाव शाळेच्या भिंतीवर आहे. तू सांग की त्या सकाळी चर्चबाहेर बिल्ला शर्टाच्या बाहेर होता, सगळ्यांना दिसत होता. एवढं एकच वाक्य, म्हणजे त्या डेप्युटीला बिल्ला दिसला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. मग बाकी काही मागणार नाही, आणि कदाचित कधीतरी तुझ्याकडे बघू शकेन.

नेलिदा

*

डोबी वेल्स
२९ मे १९९७

चि. लायल यास,
आशीर्वाद. नको असले तरी.

नेलिदाच्या पत्राची नक्कल पाठवलीस आणि खाली एक ओळही लिहिली नाहीस. मला समजलं.

फोन का केला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता रोज फोन उचलते आणि तो लांब सूर ऐकून ठेवून देते. तू लिहिलेलं खोडू नकोस.

रॉस्कोच्या वेळी मलाही एक कागद हवा होता. मिळाला. त्यात लिहिलं होतं की दुर्दैवी गैरसमज, कुणाचाही दोष नाही. कुणाचाच नाही म्हणजे त्याचाही नाही, असं मी वर्षभर स्वतःला वाचून दाखवलं. मग तो सुयांखाली ठेवला. त्या पोरीला कागद मिळाला तरी त्यातून काही निघणार नाही, पण हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं तर मीही त्या डेप्युटीच्या बाजूची वाटेन.

खोटं बोल असं मी म्हणणार नाही. बोलू नकोस असं म्हणायला माझं तोंड राहिलेलं नाही. मला वाटतं तू कसंही बोललास तरी हरशील. तू तरुण आहेस, हे तुला कुणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून सांगते.

केनेथ परवा आला होता, नोव्हेंबर नसताना. पेपर वाचला होता त्याने. पायरीवर बसून राहिला. या वेळी पहिल्यांदाच मी दार उघडलं नाही.

जे काही करशील त्यानंतर माझ्याकडे येऊन राहा. खोली झाडून ठेवलीय.

आत्या

*

वेल्टरबर्ग
२० जून १९९७

ती. व्हर्लीन आत्यास,
लायलचा नमस्कार.

ग्रँड ज्युरीपुढे काय झालं ते बाहेर सांगायचं नाही अशी शपथ घेतलीय. पण शपथेचं माझ्याकडे काय उरलंय ते पुढे वाचशीलच.

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. आठ दिवस गाडीत एकटा बसून ते वाक्य घोकलं. बिल्ला शर्टाच्या बाहेर होता. बिल्ला शर्टाच्या बाहेर होता. बाबांनी कोट इस्त्री करून दिला आणि माझ्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत आले. कोपरावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आत बारा जण. त्यात शाळेच्या ग्रंथालयातल्या बाई होत्या, समोरच्याच खुर्चीवर. सरकारी वकिलांनी विचारलं, की त्या सकाळी बिल्ला कुठे होता? मी म्हटलं, बाहेर, दिसत होता. आवाज कापला नाही. नेलिदा तिथे असती तर तिने माझ्याकडे बघितलं असतं, असा निघाला आवाज.

मग त्यांनी बिल्ला कुणी दिला ते विचारलं. मी दिला. लावायला कुणी शिकवलं? मी. ते म्हणाले, की बरं, उभा राहा आणि तू त्यांना जे शिकवलंस ते या लोकांना करून दाखव.

मी उभा राहिलो. मला म्हणायचं होतं की करून दाखवण्यासारखं काही नाही, बाहेरच तर होता. तोंड उघडलंही होतं. पण हात आधीच गेला, आत्या. दोन महिने रोज वीस वेळा. कोटाचा काठ झटकन मागे. कमरेला काही नव्हतं, नुसता पट्टा. ग्रंथालयातल्या बाई खुर्चीसकट मागे सरकल्या आणि त्यांनी दोन्ही हात तोंडापुढे धरले. त्या मला पहिलीपासून ओळखतात. माझ्यापाशी काही नाही हे त्यांना माहीत होतं.

वकील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, की बस बाळा, आणि बिल्ला कुठे होता ते पुन्हा एकदा सांग. मी सांगितलं. शर्टाच्या आत. त्यांनी पहिलं उत्तर खोडलं आणि दुसरं लिहून घेतलं. माझ्यावर खटला नाही. दया केली. त्यांनी दया दाखवली ती मला.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. डेप्युटीला जिवाची भीती वाटणं रास्त होतं, खटला नाही. डॉन एफ्राइननी काही केलं नव्हतं, असं कुठेही लिहिलेलं नाही. तो डेप्युटी बाहेर पायऱ्यांवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. मी त्याला मारायचं ठरवून गेलो होतो. जवळ गेलो तर त्याने वर बघितलं आणि सगळ्यात आधी माझ्या हातांकडे बघितलं. मी ते त्याच्यासमोर उघडे धरले आणि चालू लागलो.

मी तुझ्याकडे येत नाही. खोली झाडली असलीस तरी. तुझ्या पायरीवर बसणारा एक पुरे आहे. कॉलेजचं विचारू नकोस. लोभ माग असं मला आता कुणी म्हणू नये, आणि तू दिलास तर मी नाकारणारही नाही.

तुझा,
लायल

ता. क. नेलिदाचं लिहायचं टाळलं होतं. पाकीट बंद करता येईना, म्हणून लिहितो.

निकालानंतर मी दुकानात गेलो. ती एका ट्रकचं चाक काढत होती. आता सगळं तीच करते. तिला कळलं होतं. गावात सगळ्यांना कळलं होतं की होप्पेच्या पोराने उभं राहून करून दाखवलं. मी माझा बिल्ला काउंटरवर ठेवला. ती उठली, हात पुसले, तो उचलला, माझ्या शर्टाच्या खिशात परत टाकला आणि खिशाचं बटण लावलं. बोटं काळी होती, बटणाला डाग राहिला. मी म्हटलं, की मी ते वाक्य बोललो होतो, खरंच बोललो होतो. ती म्हणाली, की माहितीय, मी त्या आरशासमोर मोजत होते ना, तुझा हात मला माहितीय. मग परत चाकापाशी बसली. मी उभा राहिलो. आरसा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. पाना फिरवत, वर न बघता म्हणाली, की जाताना दार लाव, हायवेची धूळ येते.

मी बाहेर आलो आणि दार लावलं.